धुऱ्यावरचा देव

अडचणीत देवाचं नाव घ्यावं, मन शांत होतं, असं मला आजवर किती जणांनी सांगितलं असेल! सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं? माझं मन देवापाशी कधी शांत झालं नाही. मी देवापाशी जायचे ती एका माणसाचं वाटोळं मागायला. देवानं ते दिलं नाही, पण ऐकून घ्यायला कधी कंटाळलाही नाही. त्या जोरावर मी जगले. लिहायला बसले की मला शाळेतली भाषा येते आणि राग आला की घरची, तेव्हा मध्येच बोली बदलली तर समजून घ्या.

वाशीमच्या बाजारात भाजी नेऊन विकायची, असं आमचं घर. सासऱ्यानं मरायच्या आधीच दोन्ही लेकांच्या वाटण्या करून दिल्या होत्या. अर्धं वावर थोरल्याचं, अर्धं आमचं, मध्ये धुरा, म्हणजे बांध. विहीर दोघांत एक. विहिरीपासून आमच्या वाफ्यांपर्यंत पाणी नेणारा दांड धुऱ्याच्या कडेकडेनं, पण आमच्या अंगानं होता. दांड म्हणजे मातीचा पाटच. त्यातून पाणी आलं तर वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नाही आलं तर नुसतं ढेकळं फोडत बसा.

माझा नवरा श्रावणात तापानं गेला. पदरात तान्ही लेक. सासर म्हणून जे काही उरलं ते नवऱ्याचा थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझे भासरे आणि माझी जाऊ. भासऱ्यासमोर डोईचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी तोंडानं बोलायचं नाही, समोरून आले तर वाट सोडून बाजूला व्हायचं, अशी आमच्याकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचं सगळं जावेच्या तोंडून कळायचं. तेराव्याची भांडी घासून झाली नाहीत तोच जावेच्या तोंडून निरोप आला, की पोरीला घेऊन माहेरी जावं, वावर ते सांभाळतील. मी जावेला म्हटलं, वावर मलाही सांभाळता येतं. त्या दिवसापासून माझ्याशी वैर सुरू झालं.

आता देवांचं सांगते. आमच्यात वाटणी झाली की वावर वाटतात, भांडी वाटतात, बैल वाटतात, पण देव वाटत नाहीत. देव थोरल्याकडं राहतात. धाकट्यानं सणावाराला तिथं जाऊन डोकं टेकायचं. नवरात्रात घट त्यांच्याकडं बसले तेव्हा मी पोरीला काखेत घेऊन, तेलाची वाटी घेऊन गेले. जाऊ दारात उभी राहिली. म्हणाली, या वर्षी तुझी पावलं देवघरात नको, इथूनच हात जोड. आतून भासऱ्यांच्या खाकरण्याचा आवाज आला. मी तेलाची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि घरी आले.

घरी आले खरी, पण घरात देव कुठं होता? देवळी रिकामी. गावच्या मारोतीपुढं गेलं तर चार बाया बसलेल्या, त्यांच्यासमोर काय बोलणार? मला कोणापुढं तरी तोंड सोडायचं होतं. आईपुढं रडावं तर ती म्हणणार, सोड ते सगळं आणि ये. शेजारणीपुढं बोलावं तर सांजेपर्यंत गावभर. दिवाळी झाल्यावर मी पहिल्यांदा वावरात पाय टाकला. नवरा गेल्यापासून कोणी फिरकलं नव्हतं, गवत कमरेला लागत होतं, दांड कुठं आणि धुरा कुठं, काही कळत नव्हतं. गवतात धुऱ्याचा गोटा, म्हणजे हद्दीचा दगड, तेवढा दिसत होता. काळा, गुडघ्याएवढा, उभा पुरलेला. मी त्याला टेकून बसले आणि पोटभर रडले. रडून झाल्यावर बरं वाटलं.

दुसऱ्या बाजाराला मी शेंदूर आणला. तेलात कालवून गोट्याला चोपडला, पुढं दोन झेंडूची फुलं ठेवली आणि त्याला सांगितलं, आजपासून तू माझा देव. त्याचं नाव मी ठेवलं नाही. पुढं लोक कोणी त्याला मारोती म्हणाले, कोणी म्हसोबा. मला नावाची गरज पडली नाही, आम्ही दोघंच तर होतो.

मग काय, रोज दुपारी मी त्याच्यापुढं बसायचे आणि मागायचे. चांगलं काही मागितलं असं समजू नका. भासऱ्याच्या बैलाचे खूर झडू दे. त्याची मोट मध्येच फाटून विहिरीत पडू दे. जेवायला बसला की घास अडकू दे. त्याच्या घरातले देव त्याच्यावर उलटू दे. मले जसं उंबऱ्यावर उभं केलं, तसं त्याले कोणीतरी उभं करू दे. एकेक शिवी मी सासरी आल्यापासून गिळून ठेवली होती, ती सगळी त्या गोट्यापुढं ओकली. आणि खरं सांगते, तिथून उठून घरी गेले की मला भाकर गोड लागायची. पोरीला पाजताना दूध यायचं. इतके दिवस आटलं होतं.

मेथी टाकायची म्हणून मी दांड साफ करायला घेतला तेव्हा माझे डोळे उघडले. गवत कापत कापत गेले तर दांड गोट्याच्या पलीकडं निघाला. माझ्या अंगाला असायला हवा तो भासऱ्याच्या अंगाला. वाफे मोजले तर एक वाफा कमी. मी घरात कोपरा धरून बसले होते त्या दिवसांत ह्या माणसानं गोटा उपटून माझ्या वावरात आणून रोवला होता आणि धुरा कोरून नवा घातला होता. ओल्या मातीवर गवत वाढलं, झाकून गेलं. आणि मी अकलेचा कांदा! त्याच गोट्याला शेंदूर फासून देव करून बसले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दांडाचं तोंड मातीनं बंद केलं. दांड आमच्या वावरात आहे, पाणी जाणार नाही, असा निरोप जाऊ घेऊन आली. पाणी नाही म्हणजे भाजी नाही, भाजी नाही म्हणजे पोरीला घेऊन माहेरची वाट. त्याला तेच पाहिजे होतं. पटवाऱ्याकडं गेले तर तो म्हणाला, मोजणी लागली की पाहू. ती कधी लागेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्या आठवड्यात तो जेवला भासऱ्यांकडंच होता.

शेवटी गावातली चार म्हातारी माणसं लिंबाखाली बसली. मी लांब, पदर घेऊन, माझ्या बाजूनं शेजारचा म्हातारा बोलला. गोटा सरकला हे सगळ्यांनाच दिसत होतं. म्हातारे म्हणाले, असेल चूक तर गोटा मागं घे. भासऱ्यानं हात जोडले. तसा चेहरा त्याला कुठून आणता आला देव जाणे, डोळ्यांत पाणी होतं.

"मी तं आत्ताच मागं घेतला असता," तो म्हणाला, "पन आता तो गोटा राह्यला काय? देव झाला तो. तुमी सगळे तिथं डोकं टेकून राह्यले. बसलेला देव मी कसा उठवू? देव बसला तिथं धुरा."

येता-जाता प्रत्येकानं तिथं फूल वाहिलं होतं, कोणी नारळ फोडला होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण शेंदूर मी लावला होता. बैठक उठली.

त्यानंतर त्या माणसाला भक्तीचं जे भरतं आलं ते काय सांगू! दर शनिवारी आंघोळ करून, तेल, नारळ, फुलं घेऊन यायचा. गोट्याभोवती त्यानं मातीचा ओटा घातला, सारवून घेतला. गावातले पाच-दहा जण जमायला लागले. खोबऱ्याचे तुकडे वाटायचा आणि एक तुकडा जावेच्या हाती माझ्या घरी पाठवायचा. प्रसाद टाकता येत नाही. मी तो दारात उभी राहून चावून चावून खायचे आणि दर घासाला त्याचं नाव घ्यायचे.

तेव्हा मी देवाशीही भांडले. मी विहिरीवरून घागरीनं पाणी आणून वांगी जगवत होते, खांद्याला घट्टे पडले होते, पानं तरी वळतच होती. आईचा निरोप दोनदा येऊन गेला होता. मी रिकामी घागर त्याच्यापुढं आदळली आणि विचारलं, "तू कोनाचा बे? माहा का त्याचा? तेल कोनाचं गोड लागते तुले?"

तो काय बोलणार! पण मी तिथं बसून राहिले, आणि बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं ते आधीच यायला पाहिजे होतं. अरे, ह्यालाही तर त्यानंच उपटलं होतं. माझ्यासारखंच. आपल्या जागेवर उभा होता, त्याला त्याच माणसानं खेचून दुसरीकडं रोवला, आणि वर नारळ फोडतो. मी उगाच त्याच्यावर चिडले होते. आम्हा दोघांना एकाच माणसानं घराबाहेर काढलं होतं. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "चाल, तुले घरी नेतो."

लपूनछपून नेता आलं असतं. पण चोरी त्यानं केली होती, मी नाही. मी शनिवार येऊ दिला. सगळे जमले, भासरे नारळ घेऊन उभे, तेवढ्यात मी विहिरीवर अंगावर घागर ओतून घेतली आणि ओलेत्यानं, हातात सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. पदर डोक्यावर होता. खोचलेला मात्र घट्ट होता. कोणाला काही कळायच्या आत मी ओट्याच्या मुळाशी सब्बल घातली.

जाऊ ओरडली, हात झडतील. एक म्हातारा म्हणाला, बाई, पोरीचा विचार कर. मी पोरीचाच विचार करत होते. भासरे पुढं आले, हात लांब केला आणि तसाच मागं घेतला. ओलेत्यानं देव उचलणाऱ्या बाईला शिवायची छाती कोणाची? त्यांनीच लोकांच्या मनात देवाचा एवढा धाक बसवला होता, तो आता माझ्याभोवती उभा होता. ओटा फुटला, गोटा हलला. मी त्याला छातीशी कवटाळून उचलला. वजन एवढं, की पोटात कळ गेली. माझं ओलं लुगडं शेंदरानं माखलं, गालाला लागला, कपाळाला लागला. नवरा गेल्यापासून माझ्या कपाळाला लाल रंग लागला नव्हता.

दांड ओलांडून पलीकडं जुन्या जागेवर मी त्याला टेकवला आणि सब्बल मारली. वाफे मोजून जागा मी आधीच हेरून ठेवली होती. हातभर खाली गेले नाही तोच काळं निघालं. कोळसे. आमच्याकडं धुऱ्याचा गोटा रोवताना खाली कोळसे पुरतात, कारण लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. माझ्या बाजूनं बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं एक उचलला, बोटांत चुरला आणि बाकीच्यांना हात दाखवला. मी देव खड्ड्यात उभा केला, माती लोटली, पायानं दाबली नाही, हातानं दाबली. मग उठले आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा भासऱ्यांशी बोलले.

"तुमीच म्हनलं होतं, देव बसला तिथं धुरा. आता बसला."

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. म्हातारे खाली पाहत होते, पण नाही कोणी म्हणालं नाही. त्याच सांजेला मी दांडाचं तोंड फोडलं आणि मोट जुंपली.

माझे हात झडले नाहीत. आणि त्याचंही वाटोळं झालं नाही, हे मेलं खरं आहे. बैल धडधाकट राहिले, मोट फाटली नाही, घास कधी अडकला नाही, चांगला म्हातारा होऊन खाटेवर मेला. मी मागितलेल्यातलं देवानं काही म्हणजे काही दिलं नाही. लोक म्हणतात, आता तरी माफ कर. मी करत नाही. देव मला कधी माफ कर म्हणाला नाही, मग हे कोण?

पण त्या शनिवारी नारळ त्याच्या हातात होता आणि गाव बघत होतं. फोडला नाही तर आजवरची भक्ती खोटी ठरली असती. तो आला, नारळ फोडला, पाणी देवावर ओतलं आणि गुडघे टेकून डोकं खाली घातलं. मी देवाच्या पलीकडं, माझ्या वावरात उभी होते, ओली, चिखलानं भरलेली. भासरे समोर आले की बाजूला व्हायचं, ही रीत. त्याचं कपाळ गोट्याच्या पायथ्याला लागलं, तिथून माझी बोटं वीतभर लांब होती. त्यानं मान वर करून एकदा पाहिलं, मी सरकते का म्हणून. मी सरकले नाही.