रिकाम्या ट्रेलरचे साठ किलो

इथे अनुभव लिहिणारे बरेच जण पहिल्याच ओळीत सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि मी दरवेळी ते वाचून हसत आलोय. सैन्यात सतरा वर्षं गाडी चालवली. एका चौकीवर 'कुणीतरी दिसतं' अशी बोलवा होती, तिथे मी दोन हिवाळे काढले आणि मला थंडीशिवाय काहीही दिसलं नाही. त्यामुळे आज हे टाइप करताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते भर दिवसा, चार माणसांदेखत, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर घडलं. म्हणून लिहितोय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

मी कोरेगाव तालुक्यातला. हवालदार म्हणून रिटायर झालो, वर्षभर शेतात रमायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ऊस माझ्याशिवायही वाढतो हे लवकरच कळलं. मग साताऱ्याजवळच्या एका सळईच्या व्यापाऱ्याकडे ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून लागलो. ट्रेलर म्हणजे नुसता लांबलचक सपाट पाट, बाजूला फळ्या नाहीत की वर छप्पर नाही. कर्नाटकातल्या कारखान्यातून बांधकामाची सळई भरायची आणि विजापूर, जत, विटा, कराड करत साताऱ्याच्या गोडाऊनला आणायची.

सैन्यातली गाडी आणि ही गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे पहिल्याच खेपेला समजलं. तिकडे मागे जवान बसलेले असायचे, ते निदान स्वतःला धरून बसतात. सळई धरून बसत नाही. जोरात ब्रेक मारला तर अख्खं ओझं पुढे सरकून केबिनमध्ये घुसतं... म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीत. त्यामुळे साखळ्या आवळायच्या, वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायच्या, मागे लोंबणाऱ्या टोकांना लाल कापड बांधायचं आणि पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचं की मधे दहा दुचाकीवाले घुसतील. ते घुसतातच. क्लीनर नाही, मी एकटा. दुपारी झाडाखाली स्टोव्हवर भात-आमटी करायची, एक डुलकी काढायची आणि परत साखळ्या बघायच्या. खरं सांगतो, मला हे आयुष्य आवडायला लागलं होतं.

आता वजनाचा हिशेब सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच आहे. गोडाऊनला पोचलं की आधी भरलेली गाडी वजनकाट्यावर उभी करायची. माल उतरवला की तीच गाडी रिकामी उभी करायची. दोन्हींतला फरक म्हणजे माल. तो कारखान्यात एकेक बंडल मोजून लिहिलेल्या चिठ्ठीशी जुळला पाहिजे. दोन काट्यांत दहा-वीस किलो इकडेतिकडे होतात, त्याला कुणी काही म्हणत नाही.

माझ्या पहिल्या खेपेला साठ किलो कमी भरले. मालकांनी आकडा वहीत लिहून घेतला. दुसऱ्या खेपेला साठ. तिसऱ्या खेपेला पुन्हा साठ.

या धंद्यात साठ किलो कमी म्हणजे काय, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. बंडलातून चार-सहा सळया ओढायच्या आणि वाटेत कुठेतरी विकायच्या, असं करणारे ड्रायव्हर आहेत. गोडाऊनमधले हमाल माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागले. एक दिवस बायको गिरणीतून दळण घेऊन आली आणि आल्याआल्या तिने पिठाचा डबा आदळला. कुणीतरी तिला विचारलं होतं, हवालदारांनी घराचा स्लॅब टाकायला काढलाय का, सळई बरी मिळत असेल. सतरा वर्षांत माझ्या नावावर लाल शेरा नाही, आणि आता गावात माझी ही ओळख होणार होती. दोन रात्री मला धड झोप लागली नाही. अपमानासारखा जागं ठेवणारा दुसरा पदार्थ नाही.

मालक मला काट्याशेजारी घेऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हवालदार, मी तुमाला चोर म्हणत न्हाई. पण पुढच्या खेपंला कमी भरलं तर किल्ली टेबलावर ठिवा आन जावा."

चौथ्या खेपेला मी मिलिटरी पद्धतीने निघालो. कारखान्यात प्रत्येक बंडलाच्या पत्र्याच्या बिल्ल्याचा फोटो काढला. जिथे जिथे थांबलो तिथे पुन्हा फोटो, वेळेसकट. आमटीसुद्धा ट्रेलरला पाठ टेकून खाल्ली. सकाळी साडेनऊला साताऱ्याला पोचलो तेव्हा मालक स्वतः हजर होते. मी त्यांना म्हणालो, माल उतरवताना प्रत्येक बंडल क्रेनच्या हुकावरच्या काट्याला लावून वेगळं मोजा. वेळ गेला, पण त्यांनी ते केलं. बेरीज कारखान्याच्या चिठ्ठीशी तंतोतंत जुळली. माल पूर्ण होता. एक सळई इकडची तिकडे झालेली नव्हती.

मग रिकामी गाडी काट्यावर घेतली. पुन्हा साठचा फरक.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. माल पूर्ण, भरलेल्या गाडीचं वजनही कागदावरच्या रिकाम्या वजनात माल मिळवला की येतं तेवढंच, तर मग चूक एकाच ठिकाणी असू शकते. रिकामी गाडी साठ किलोने जास्त भरत होती. म्हणजे माल उतरवला की गाडीत साठ किलो चढत होते.

तेवढ्यात काटेवाल्याने खिडकीतून माइकवर सांगितलं, "केबिनमधला माणूस खाली उतरवा."

मी खालीच उभा होतो. तसं त्याला हात करून दाखवलं. तो म्हणाला, तुम्ही नाही, दुसरा. मालक वैतागून केबिनमध्ये चढले, सीटच्या मागची झोपायची फळीसुद्धा उचलून बघितली. कुणी नव्हतं. काट्याच्या कॅमेऱ्यातही केबिन रिकामीच दिसत होती. मग आम्ही साखळ्या, ताडपत्री, लाकडी ठोकळे, स्टेपनी, माझं अंथरूण, स्टोव्ह, सगळं उतरवून वेगळं मोजलं. साठ किलो जागेवरच. हा काटा बिघडलाय म्हणावं तर मालकांचा दुसरा ट्रेलर त्याच काट्यावर त्याच सकाळी बरोबर भरला होता.

मालक काटेवाल्याला म्हणाले की तुझ्या मशिनमध्येच घोटाळा आहे. तो पोरगेला नव्हता, पंचवीस वर्षं त्या खिडकीत बसलेला माणूस होता, आणि त्याला राग आला. त्याने आम्हाला आत बोलावलं आणि पडद्यावरच्या आकड्याकडे बोट केलं.

"लोखंड ठिवलं की आकडा एका जागी बसतो," तो म्हणाला. "ह्यो बगा. जरा थांबा... ह्यो हालला. दहानं खाली, दहानं वर. माणूस बूड हालवून बसला की असं व्हतं. मला शिकवू नका, आत माणूस हाय."

आम्ही तिघे तिथे पाच मिनिटं तरी उभे होतो. वारा नव्हता, इंजिन बंद होतं, गाडीपाशी कुणी नव्हतं. आकडा बराच वेळ स्थिर राहायचा आणि मग एकदम दहाने हलून पुन्हा जागेवर यायचा. कंटाळलेला माणूस अधूनमधून बसल्या जागी सरकतो, अगदी तेवढ्याच अंतराने.

मालकांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की माझ्याआधी ही गाडी विलास नावाचा ड्रायव्हर चौदा वर्षं चालवत होता. विट्याच्या पुढच्या एका गावचा. पोटाचं दुखणं झालं, वर्षभर अंथरुणाला खिळला आणि गेला. त्याच्या आजारपणात आणि तो गेल्यावरही चार महिने गाडी शेडमध्येच उभी होती, ती थेट मी हातात घेतली. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, त्यात सांगण्यासारखं काय होतं? आणि ते बरोबरच होतं.

थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माल खाली झाल्याबिगर इलास कदी टेकायचा न्हाई. उनात हुबा ऱ्हायचा. शेवटचं बंडल उतरलं की मग केबिनीत जाऊन बसायचा."

मालकांनी त्याच दिवशी सगळ्या हमालांना बोलावून सांगितलं की हवालदाराचा माल पूर्ण आहे आणि यापुढे या गाडीचा माल हुकावर मोजायचा. माझ्या नावावरचा डाग गेला. पण मला भीती वगैरे न वाटता भयंकर राग आला, हे कबूल करतो. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसापायी माझी बायको गिरणीत मान खाली घालून उभी राहिली होती.

पुढच्या खेपेला रिकामी गाडी घेऊन विट्यावरून जाताना मी विलासच्या गावात वळलो. सकाळचे दहा वाजले असतील. गावात गलाईवाल्यांची मोठमोठी घरं, सोनं गाळायच्या धंद्यासाठी माणसं परराज्यांत गेलेली, त्यामुळे निम्म्या दारांना कुलपं. त्यांतच एक साधं पत्र्याचं घर. गाडीचा आवाज ऐकूनच एक बाई बाहेर आल्या होत्या, हात पिठाचे. विलासच्या पत्नी. त्यांनी माझ्याकडे आधी बघितलंच नाही, गाडीकडे बघितलं.

चहा झाला. मी कशासाठी आलो होतो ते मलाच नीट माहीत नव्हतं. बहुतेक कुणाला तरी बोल लावायला. मी त्यांना सगळं सांगितलं, चोरीचा आळ, हुकावरचं वजन, काटेवाल्याचं बोलणं, काही लपवलं नाही. वाटलं होतं त्या घाबरतील, रडतील, किंवा मला उंबऱ्याबाहेर काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती भरलं म्हनला?"

"साठ," मी म्हणालो.

त्या कपाशी चाळा करत राहिल्या. "दवाखान्यातनं घरी आणलं तवा काट्यावर हुबं केलं हुतं," त्या म्हणाल्या. "अडतीस भरलं. मला आकडा दिसू ने म्हनून त्येनी पायानं झाकत हुतं." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "साठ म्हंजी लय चांगलं हाय, भाऊ."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. सैन्यात माणसं गेलेली बघितलीत, खांदा दिलाय, पण त्या पत्र्याच्या घरात मला बसवेना आणि मी उगाच साखळ्या बघायचं निमित्त करून बाहेर आलो. निघताना त्यांनी मला विचारलं की पुन्हा काट्यावर गेल्यावर आकडा कळवाल का. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार होतो?

या गोष्टीला आता सात-आठ महिने झाले. मधे काट्याचा मेकॅनिक येऊन गेला, त्याने खालचे सगळे भाग तपासून काटा ठीक असल्याचं लिहून दिलं. कराडच्या एका काट्यावरही मी भरलेली आणि रिकामी गाडी मोजून बघितली, तिथेही तेच. कुणी म्हणतं टाकीतलं डिझेल हिंदकळतं. अरे बाबांनो, डिझेल दोन्ही वेळा टाकीतच असतं. केबिनमध्ये मला आजवर काही दिसलेलं नाही, वास नाही, आवाज नाही, स्वप्नही नाही. मी गाडी चालवतो, साखळ्या आवळतो, डाव्या सीटवर सामान मात्र ठेवत नाही. या साठ किलोंमागचं कारण मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, पण आधी एकदा साताऱ्याला येऊन तो आकडा हलताना बघा.

प्रत्येक खेपेनंतर मी विलासच्या घरी वहिनींना फोन करतो. बोलणं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. "साठ." "बरं, भाऊ." आणि ठेवायचा. मागच्या आठवड्यात मात्र काटेवाल्याने मला आत बोलावून पडदा दाखवला आणि दोनदा खात्री करायला लावली. मी काट्यावरूनच फोन लावला आणि सांगितलं, वहिनी, आज सत्तर भरले.

काट्यावरच्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं की नाही ते कळेना. मी आकडा पुन्हा सांगितला.

"ऐकलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "जेवत्यात म्हनायचं मग नीट."