गिटारच्या पाठीवरचे ओरखडे

कुणाच्याही घरी गेले, की हमीदमामा चहा येईपर्यंत तिथल्या टेबलावरून, खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवत. कुठे खडबडीत लागलं की त्यांचं गप्पांतलं लक्ष उडे. दौंडात सुतार पुष्कळ होते, पण लाकडातला दोष लपवावा तो मामांनी. त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून ते चीर भरत आणि वर बारीक ब्रशनं लाकडाच्या रेषा ओढत. मग स्वतःच्याच टेबलावरची चीर गिऱ्हाइकाला सापडत नसे.

अन्वर हा त्यांचा एकुलता मुलगा, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्यासाठी मामांनी जुन्या सागवानी फळ्यांची गिटार स्वतः घडवली होती. "वाजीव बाबा माझं कपाट," म्हणून त्याला चिडवत, आणि तो वाजवायला बसला की रंधा बाजूला ठेवत.

अन्वर ऐन तारुण्यात काविळीनं गेला. गिटार दुकानात खिळ्याला टांगलेली राहिली. एका उन्हाळ्यात ती खाली पडली आणि पुढची फळी उभी चिरली.

"अशी बुजवतो, आन्वरलाबी घावली नसती," मामा मला म्हणाले.

शिरूरहून मी पुढच्या रविवारी पुन्हा दौंडला गेलो, तेव्हा गिटार तयार होती. चीर खरोखरच दिसत नव्हती. मामी चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी गिटार उचलली, उलटी केली आणि पाठीवरून बोटं फिरवली. अन्वर ती छातीशी घट्ट धरून वाजवायचा. त्याच्या शर्टाच्या बटणांनी तिथे ओरखड्यांचा पट्टाच पडला होता. आता तिथे नुसती चकाकी होती.

"त्याची बटनं कुठं गेली?" मामींनी विचारलं.

मामांनी गिटार हातात घेतली. मग हळू म्हणाले, "पॉलिशपेपर हातात व्हता. म्हटलं, मागूनबी एक हात मारावा. खडबडीत लागलं, आन् हात थांबलाच न्हाई."

मामी आत गेल्या. मामांनी गिटार दाराशी नेली आणि उन्हात तिरकी धरली.

"येखादा खोल गेला असंल. बघ की प्रकाश, तुझी नजर चांगली हाय."

मी बराच वेळ पाहिलं. मामांनी काम चोख केलं होतं.