व्हर्ना पोकॉर्नीचा फास

व्हर्ना पोकॉर्नीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आधीच सांगून टाकते.

आमचं टर्नी गाव ते केवढं! गुरं चढवायला रेल्वे आली म्हणून वसलं, रेल्वे गेली तरी चिकटून राहिलं. नेब्रास्काच्या या भागात सगळ्या वाळूच्या टेकड्या, वर गवताचं पातळ पांघरूण. नांगर घातला की वाळू उडालीच. म्हणून पोट भरायचं ते गुरांवर. लिलावात गुरांचा भाव पडला की दुकानदारच काय, पाद्रीसुद्धा तोंड पाडून बसतो.

अशा गावात मान एकच. वसंतात वासरांना तापल्या लोखंडानं मालकीचा डाग द्यायला सगळे आळीपाळीनं एकमेकांकडे जमतात. यजमान ज्याचं नाव घेईल त्यानं घोड्यावरून फास टाकायचा आणि वासराला मागच्या पायांनी धरून आगटीपाशी ओढत आणायचं. न बोलावता घोडा पुढं घातला तर जन्मभर हसं.

आणि नाव दरवर्षी कुणाचं? व्हर्नाचं! नवरा गेल्यावर तिनं एकटीनं कळप राखला, हिमवादळात गाभण गायी वाचवल्या, खरंय हो सगळं. पण मी काय माशा मारत होते? माझ्या हाती कायम लसीची सुई. घरी कुंपणाच्या खांबांवर फास टाकून टाकून माझे तळहात सोलून निघाले, ते कुणाला दिसतंय!

यंदा व्हर्नाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. तिच्याकडे सगळे जमलो, तशी हात झोळीत अडकवलेली ती म्हणाली, "लिओटा, घोड्यावर बस गं. फास तू टाकायचास."

"मी? चेष्टा करतेस होय?"

"नखरे पुरे. वासरं खोळंबलीत."

मेली, मान देणारीसुद्धा हीच! जळफळत घोड्यावर बसले. पण पहिलाच फास असा पडला की दोन्ही पाय अलगद अडकले. दुसरं वासरू, तिसरं, एकही हुकलं नाही. कुंपणावर बसलेले सगळे माना उंचावून बघायला लागले. आता माझं नाव निघणार, म्हणून मी कान टवकारले.

म्हातारा एमिल कधी कुणाचं कौतुक करत नाही. तो टोपी काढून ओरडला, "अरे वा! थेट व्हर्नाच की!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. व्हर्नानं चांगल्या हातानं मांडीवर थाप मारली. मी दातओठ खात पुढच्या वासराकडे घोडा वळवला.