कृष्णानं टाकलेला शब्द

माझा धाकटा भाऊ कृष्णराज पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. मुरूम गावात आमच्या गल्लीत त्याला लई मान. का, तर शेजारच्या शरिफाबींच्या मुजम्मिलला त्यानंच शब्द टाकून आपल्या कंपनीत लावलं. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच टेबलाला काम करायचे. मुजम्मिल त्याला भैय्या म्हणतो.

दिवाळीनंतर मुजम्मिल गावी आला तो परत गेलाच न्हाय. कंपनीनं माणसं कमी केली, एवढंच कळलं. प्रोग्राम लिहिणारं ते एआय आलंय, त्यात आधी नवखी पोरं जातायत, असं कृष्णाच फोनवर सांगायचा. आम्ही आपले हळहळलो.

यंदा गुढीपाडवा आणि ईद मागंपुढंच आले. मी सासरहून, जळकोटहून माहेरी आले होते. कृष्णाही होता. ईदला शरिफाबी दरवर्षीसारखा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या, ओट्यावर टेकल्या आणि कृष्णाला म्हणाल्या, "बेटा, तू साहेबाशी किती भांडलास ते मुजम्मिलनं सांगितलंय मला. आणखी एकदा शब्द टाक की. पोरगं दिवसभर छताकडं बघत पडतंय."

कृष्णानं नुसती मान हलवली. एरवी हा डबा पुसून खाणारा माणूस, पण आज वाटी तोंडाला लावीना. शरिफाबी गेल्यावर मी त्याला मागच्या अंगणात गाठलं. माझ्यापुढं त्याचं लपवणं लहानपणापासून टिकत न्हाय.

"मी भांडलोच न्हाय गं, ताई," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेबानं सांगितलं होतं, तुमच्यातल्या कुणाचं काम हे एआय करतं ते करून दाखवा. कृष्णानं काय करावं? मुजम्मिलनं आठवडाभर खपून लिहिलेला प्रोग्राम निवडला. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर. चार ओळींत काम सांगितलं आणि चहा निवायच्या आत मशीननं ते लिहून टाकलं. मुजम्मिल शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

"माझं काम दिलं असतं तरी त्यानं तसंच केलं असतं," कृष्णा म्हणाला. "मला ठाऊक होतं. म्हणून तर त्याचं दिलं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ज्याला बोट धरून नेलंस त्यालाच पुढं ढकललंस व्हय? आणि वर त्याच्या आईसमोर मान हलवतोस? लाज कशी वाटली न्हाय रे तुला?"

"वाटते की. रोज त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसतो मी."



आमच्याकडं शेजारचा डबा रिकामा परत जात न्हाय. आईनं तो धुऊन त्यात पुरणपोळ्या ठेवल्या. तिला यातलं काही माहीत नव्हतं. कृष्णानं डबा उचलला आणि मला हळूच म्हणाला, "मी नेतो. चाचींना खरं सांगून टाकतो. त्याशिवाय घास उतरायचा न्हाय." मला भरवसा नव्हता, म्हणून मीही निघाले.

दार मुजम्मिलनं उघडलं. कृष्णाला बघून हसला, नेहमीसारखाच.

"मुजम्मिल, आज मी चाचींना खरं सांगणार आहे."

त्यानं मागं वळून बघितलं आणि दार थोडं ओढून घेतलं. "नका सांगू, भैय्या. पुण्यात तुम्ही आहात, एवढ्यावर झोप लागते तिला. तुम्हीच तसं केलं म्हटल्यावर ती कुणाच्या आशेवर राहणार?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन मोकळं व्हायचं, तेवढीही सोय कृष्णाला उरली न्हाय. हातातला डबा कुठं ठेवावा तेही त्याला सुचेना.

आतून शरिफाबींनी विचारलं, "कोण आलंय रे?"

"भैय्या आलेत, अम्मी," मुजम्मिल म्हणाला. "माझ्या कामाचं बोलायला."

कृष्णानं चपला काढल्या. आत जाऊन शरिफाबींच्या समोर बसला आणि म्हणाला, "साहेबाशी बोललोय, चाची. होईल काहीतरी." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी दारातच उभी राहिले, माझ्यानं वर बघवलं न्हाय.