शोभेच्या स्टोव्हमधली वांगी

आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. जे केलं तेच लिहा, जे लिहिलं तेच करा, हे दिवसभर लोकांच्या कानीकपाळी ओरडायचा मला पगार मिळतो. त्याच मी घराच्या विम्याच्या अर्जावर धडधडीत खोटं लिहिलं.

आमच्या घरात लाकडं जाळायचा एक जुनाट लोखंडी स्टोव्ह आहे, घराबरोबरच आलेला. तो कोणी, कधी बसवला याचा एकही कागद नाही. त्यापायी आमच्या विमा कंपनीने नूतनीकरण नाकारलं, आणखी दोन कंपन्यांनी फोनवरच हात झटकले. विमा नाही तर गृहकर्जाची अट मोडते, मग घरावरच गदा. शेवटी वैतागून चौथ्या कंपनीच्या अर्जात ‘स्टोव्ह वापरता का?’ या प्रश्नापुढे मी ठोकून दिलं: नाही, फक्त शोभेसाठी.

कंपनीने पाहणीला माणूस पाठवतो असं कळवलं आणि माझं धाबं दणाणलं. वऱ्हाडातून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई सकाळ-संध्याकाळ त्या स्टोव्हपुढेच बसलेली असायची. मी तो घासूनपुसून त्यावर फुलदाणी ठेवली आणि तिला बजावलं, "उद्या घरी माणूस येणार आहे. हा अजिबात पेटवायचा नाही."

तो आला. साठीचा, बोलघेवडा. दारात पाच मिनिटं पावसाबद्दल बोलला. बैठकीच्या खोलीत शिरलो तर फुलदाणी जमिनीवर आणि घरभर खमंग वास. त्याने स्टोव्हचं दार उघडलं. आत निखाऱ्यांवर तीन वांगी.

"आई! काय सांगितलं होतं मी?"

"माणूस येनार हाय, हेच ना? मंग घरी आलेल्याले उपाशी धाडतं का बाप्पा?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो मात्र गुडघ्यांवर बसून आईला विचारत सुटला आणि मी दुभाष्या झालो. लाकूड सुकं आहे हे कसं ओळखता? आईने दोन ओंडके एकमेकांवर आपटले. "टनटन वाजलं तं सुकं, नाही तं वल्लं. वल्लं म्या जाळतच नाही." राख? झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, अंगणात, भिंतीपासून लांब.

मग त्याने माझा अर्ज काढला आणि ‘शोभेसाठी’वर बोट ठेवलं. "हे असंच राहिलं असतं आणि घराला आग लागली असती, तर तुला काहीही मिळालं नसतं. कळतंय ना?" कारखान्यात असल्या खोट्या कागदासाठी मी लोकांना उभं जाळतो.

मी नवा अर्ज भरेपर्यंत तो भाकरी-भरितावर ताव मारत होता. जुने कागद नसले तरी माझी पाहणी पुरेल; धुराडं साफ करून घे, विषारी वायूचा अलार्म लाव, मग विमा मिळेल, म्हणाला. जाताना आईकडे बघून तो मला म्हणाला, "स्टोव्ह ग्रँड आहे. ही बाईही ग्रँड. या घरात धोका आहे तो तुझा."

"काय म्हनते तो?" आईने विचारलं.

"भरीत झकास झालं म्हणतो," मी म्हणालो.