बांधीपर्यंत यायचा तो आवाज

सौंदडच्या स्टेशनावर सुनेनं वड्यांचा डबा हातात दिला आणि विचारलं, "आई, पाय दुखून राहिले ना तुमचे, मंग काऊन जाता?"

"गिटार ऐकाले," मी म्हटलं. तेवढ्यात गाडी आली.

दवनीवाड्याच्या मंडईत (दिवाळीनंतर भरणारी गावजत्रा) टेकचंदची ऑर्केस्ट्रा पार्टी वाजवणार होती. टेकचंद माझ्या मालकांचा चेला. मालक वारले त्याला तीन वर्षं झाली. त्यांची चार जाड तारांची बेस गिटार आणि तिची पेटी, म्हणजे ॲम्प्लिफायर, मीच त्याला देऊन टाकली होती. घरात जागा अडत होती. आठवड्यापूर्वी त्यानं फोन करून सांगितलं की या मंडईनंतर पार्टीत गिटार राहणार नाही, तो आवाज आता कॅसिओवरच काढणार. म्हणून निघाले. एकदा ऐकायची होती.

जवळून ती मी कधी ऐकलीच नव्हती. घरी ते पेटी लावत नसत आणि कार्यक्रम परगावी असायचे. त्यांच्या तालमी नेमक्या धानकापणीच्या दिवसांत. ते गावात गिटार घेऊन आणि मी बांधीत (बांध घातलेला धानाचा तुकडा) विळा घेऊन. बाकी वाद्यं तिथवर पोहोचत नसत. फक्त धुम्म, धुम्म असा जाड आवाज यायचा. मी त्यांना शिव्या देत कापत राहायची. आवाज थांबला की मात्र मान वर करून गावाकडे पाहायची.

गाडीत उकडलेले शिंगाडे घेतले. समोरच्या बाकावर गोंदियाची एक बाई होती.

"अम्मा, मंदिर जा रही हो?"

"नहीं. गिटार सुनने."

ती हसली. "इस उमर में?"

"पहले धान काटती थी. अब टाइम मिला." मग तिनंही माझ्यातले चार शिंगाडे खाल्ले आणि सोलायची माझी पद्धत चुकीची आहे असं सांगितलं.

गोंदियाला बस मिळाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, कुठे कुठे पुंजणे (धानाचे रचलेले ढीग), तळ्यात बगळे. मंडईच्या गर्दीनं रस्ता अडला होता, म्हणून कंडक्टरनं गावाबाहेरच उतरवलं. मी बांधावरून जवळची वाट धरली, तर चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेतल्या.

मंच एका कापलेल्या बांधीत होता. खाली लाकडी बल्ल्या, वर फळ्या, आत पोकळ. टेकचंद आता चाळिशीचा, पोट सुटलेला. पेटीच्या वायरी जोडत होता.

"आल्या का काकू? मले वाटलं, फोनवर गंमत करून राहिल्या."

"गंमत कराले भाडं कोण खर्च करते? वाजव."

त्यानं वाजवलं. आवाज चांगला होता. एकेक सूर वेगळा, भाजलेल्या चण्यासारखा टणक. पण तो माझ्या ओळखीचा नव्हता.

"हा तो नाही. गिटार बदलली का तू?"

"नाही जी. तेच गिटार, तेच पेटी." त्यानं पायाजवळची टिनाची छोटी डबी दाखवली. तिला एक बटण होतं. "हा फिल्टर लावला. हाय पास म्हणते याले. एकदम खालचा, घुमणारा आवाज अडवते आन् वरचा जाऊ देते. पयले पेटी फळ्यावर ठेवली का सारा मंच गुरगुरे, सूर समजेच ना. सुपानं पाखडल्यासारखं समजा."

"मंग कोंडा कुठी गेला?"

"कोंडा कोणाले पाहिजे, काकू?"

"मले पाहिजे. काढ ते डबी."

तो हसायला लागला, पण माझं तोंड पाहून थांबला. त्यानं डबी काढून गिटारची वायर सरळ पेटीत घातली. पेटी गुरगुरली, फळ्या थरथरल्या. ऑर्गनवाला ओरडला, "अबे, काय करून राहिला?"

जवळून तो नुसता गोंगाट होता. मी मंचावरून उतरले आणि चालू लागले. एक बांध, दोन बांध, तिसरा. मंचाकडे पाठ करून उभी राहिले. धसकटं पायांना टोचत होती. मग तो आला. धुम्म. थांबून पुन्हा धुम्म. माझी डावी मूठ आपोआप वळली, धान धरायला वळते तशी. टेकचंद बराच वेळ वाजवत राहिला. मला वळून पाहायचं नव्हतं. वळले असते तर टेकचंदच दिसला असता.

परत आले तेव्हा तो घामानं भिजला होता.

"भेटला का तुमचा कोंडा?"

"भेटला."

"काकाजी याच गुरगुरीले शिव्या देत," तो म्हणाला. "म्हणत, माही बोटं एवढी फिरून राहिली, पण लोकाइले नुसता गडगडाटच ऐकू येते. हे डबी त्यायच्या वेळी पाहिजे होती."

मी फळीवर बसले. म्हणजे जे त्यांना नको होतं तेच मी इतकी वर्षं ऐकलं, आणि जे ते वाजवत होते ते ऐकलंच नाही.

"लाव ते डबी," मी म्हटलं. "त्यायनं शिकवलं ते वाजव. दुसरं नको."

यावेळी डोळे मिटून ऐकलं. तीन सूर झटपट, मग थोडं थांबणं, मग एक लांब, मागे घसरत गेलेला. पुन्हा तसंच. आणि मला कळलं. जेवताना ते ताटाच्या काठावर बोटांनी हेच करायचे. तीन, थांबा, एक घसरता. भात निवायचा, वरणावर साय धरायची. मी रोज म्हणायची, "जेवा नीट. ताट काय तबला आहे?" त्यांनी एकदाही सांगितलं नाही की ते काय आहे. मीही विचारलं नाही.

"रातच्या कार्यक्रमातही डबी राहू दे," टेकचंदला सांगितलं. "त्यायले हेच पाहिजे होतं."

"गिटार घरी नेता का, मंडई झाल्यावर?"

"मी काय करू त्याचं? तुह्याकडं राहू दे. अधूनमधून वाजवत जा."

त्यानं चपलेला तार बांधून दिली. ती गोंदियापर्यंत टिकली.

संध्याकाळी घरी पोहोचले. सुनेनं ताट वाढलं आणि विचारलं, "ऐकलं का?"

"ऐकलं."

ती आत गेल्यावर ताटाच्या काठावर बोटं ठेवून पाहिली. तीन वाजले. घसरता सूर काही मला जमला नाही. तोवर भात निवला होता.