वयाची अट

पालघर तालुक्याच्या साऱ्या किनाऱ्यावर चोवीस तासांच्या सूचनेवर सरहद्दीवर जायला तयार असलेला एकच माणूस होता, आणि तो माझा घरमालक होता. सूचना कधी आली नाही, तो भाग वेगळा. मी बोईसरच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा ऐंशी साल उजाडायचं होतं. लातूरकडचा माणूस मी, आठवीतून शाळा सुटलेली. समुद्र पाहिलेला नव्हता आणि मासळीच्या वासाने पहिले चार दिवस जेवण गेलं नव्हतं. नवापूरला त्यांच्या घराची मागची पडवी मला राहायला मिळाली. मी त्यांना मामा म्हणू लागलो, त्यांच्या बायकोला मामी. गाव मात्र त्यांना फौजी म्हणायचं. फौज सोडून त्यांना तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्यांच्यापुढे काढायची नाही, असं मामींनी मला पहिल्याच दिवशी भाकरी वाढताना सांगून ठेवलं होतं.

घरात पेटी एकच. काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगात मामांचं नाव आणि नंबर. आत लोकरीची जर्सी, दोन घोंगड्या, मोज्यांच्या जोड्या, पितळेची बटणं, दाढीचं सामान, सुईदोरा, काळे बूट आणि त्यांचं पॉलिश. बुटांना पॉलिश इतकं की त्यात बघून भांग पाडावा. दर रविवारी ही सगळी पलटण अंगणात उन्हाला बसायची आणि संध्याकाळी ठरलेल्या क्रमाने आत जायची. एकदा माझा भाऊ गावाहून आला. थंडी होती म्हणून मामींनी त्यातली एक घोंगडी त्याला पांघरायला दिली. सकाळी मामांनी ती त्याच्या अंगावरून अशी काढून घेतली की माझा भाऊ तेव्हाच उठून एस.टी.ला निघाला. मामींच्या साड्या मात्र चुलीवरच्या दोरीवर. त्यांना धुराचा वास, सुक्या बोंबलांचा वास. पेटीत एक साडी तरी ठेवू द्या, असं त्या वर्षातून दोनदा म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता मला सांगायच्या, "लगीन झालं तवा मानूस घरी आला. पेटी तं अजून पलटनीतच हाय."

पहाटे मामा नवापूरहून दांडीपर्यंत ओल्या वाळूवरून धावत जायचे आणि धावत यायचे. आल्यावर शिंप्याची टेप घेऊन छाती मोजायची, आधी साधी, मग फुगवून. टेप धरायला मी. आकडा मनाजोगता आला नाही तर टेप ताणली गेली आहे, असा निकाल व्हायचा. बोंबील वाळत घालायचे तेही कवायतीतच. त्या किनाऱ्यावर बोंबील दोघादोघांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या मांडवावर टांगतात. मामांच्या मांडवावर प्रत्येक जोडीत चार बोटांचं अंतर. शेजारच्या मांडवावरच्या बायका त्यांना विचारायच्या, "फौजी, माजा येक रांगेबाहेर गेला, त्याला काय शिक्षा?" मामा हसायचे नाहीत. उठून तो सरळ करून यायचे.

हे सगळं कशासाठी, तर पुन्हा भरतीसाठी. मामांच्या वडिलांना लकवा झाला तेव्हा मामा फौजेत होते. घरात एक होडी, चालवायला कोणी नाही, धाकटा भाऊ अकरा वर्षांचा. मामांनी स्वतः अर्ज करून सुटका घेतली आणि होडीवर आले. भाऊ होडी सांभाळण्याजोगा झाला तेव्हा मामा परत जायला निघाले, तर कळलं की स्वतःहून सुटलेल्याला दोन वर्षांच्या आत आणि ठरावीक वयाच्या आतच परत घेतात. मामांना मध्ये आठ वर्षं लागली होती. मामांचं म्हणणं इतकंच होतं की नियम चुकला आहे. दोन वर्षं सुटल्याच्या तारखेपासून मोजायची नाहीत, घरची अडचण संपल्याच्या तारखेपासून मोजायची. "अडचन कवा संपंल ते काय सुटकेच्या कागदावर लिहिलेलं असतं?" असं ते विचारायचे. मला तर यावर उत्तर सुचत नसे. दिल्लीलाही सुचत नसावं, कारण तिथून येणाऱ्या छापील कार्डात प्रश्नाचा उल्लेख नसायचा. आपला अर्ज मिळाला, नियमानुसार कार्यवाही होईल, एवढंच. मामा ते कार्ड तारेला अडकवून ठेवायचे आणि महिनाभर खुशीत असायचे. कार्यवाही होत आहे ना.

अर्जाची वेळ ठरलेली. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी दुरुस्त करत घरी असतात. नारळी पौर्णिमेच्या आत अर्ज टपालात पडला पाहिजे. दर्याला नारळ गेला की मग सवड नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. पेटी हेच टेबल. मी खाली मांडी घालून, मामा हात मागे बांधून, पाय फाकवून उभे, आणि सांगायचे. बोईसरच्या टायपिंग क्लासमध्ये त्याचं इंग्रजी होऊन मग ते दिल्लीला जायचं. मजकूर दरवर्षी तोच, बदलायचा फक्त वयाचा आकडा. नियमातली वयाची अट वाढवून चाळीस करावी, असं मी पहिल्या वर्षी लिहिलं. मामा तेव्हा एकोणचाळीसचे होते. पुढच्या वर्षी एक्केचाळीस करावी. त्याच्या पुढच्या वर्षी बेचाळीस. एकदा मी भीत भीत म्हटलं, मामा, सरकारला संशय येईल. ते म्हणाले, सरकार दरवर्षी नवीन मानूस बसवतं, त्याला काय मागचं ठावं?

पालघरच्या मैदानावर एकदा भरती होती. मामा मला सोबत घेऊन गेले आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांग हळूहळू पुढे सरकून हवालदाराजवळ आली. त्याने विचारलं, "चाचा, लडका कहाँ है?" मामांनी सावधानमध्ये येऊन उत्तर दिलं, "मैंच हूँ साहब." हवालदार भला माणूस होता. त्याने मामांचा नंबर, पलटण विचारली आणि पोरांबरोबर धावू दिलं. मामा चौथे आले. त्याने चहा पाजला, सलाम केला आणि परत पाठवलं. येताना बसमध्ये मामा खिडकीशी बसले. बोईसरच्या पुढे कुठेतरी म्हणाले, "एकाहत्तरला माजी पलटन पुडं गेली. मी इथं रेडिओ ऐकत जाळं इनत होतो. सगळे गेले रे, मी नव्हतो." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही पुन्हा नियमाबद्दल थट्टा केली नाही.

माझं सांगायचं तर मी तेव्हा कायम घाबरलेला. सुपरवायझरने नुसतं बघितलं तरी आज काढतो की काय असं वाटायचं. कावीळ झाली तेव्हा मामींनी मला तीन आठवडे मुलासारखं सांभाळलं. मी तापात नोकरी गेली, नोकरी गेली म्हणत होतो म्हणे. बरा झाल्यावर मामांनी मला सायकलवर पुढे बसवून बोईसरच्या शाळेत नेलं. कशाला, ते सांगितलं नाही. हेडमास्तरांपुढे उभं करून म्हणाले, याचं अक्षर बघा, याला दहावीला बसवायचं हाय. हेडमास्तर म्हणाले, बाहेरून बसता येईल, सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागेल. मामांनी विचारलं, वयाची अट? हेडमास्तर म्हणाले, वरच्या वयाची अट नाही, साठीचा माणूसही बसू शकतो. मामांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मामा खुर्चीच्या पाठीला हात लावून जरा वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप उघडता उघडता मला म्हणाले, "इथं अट नाय. आनि तू घाबरतोस."

मी बसलो. गणितात एकदा आपटलो, दुसऱ्या खेपेला निघालो. निकाल घेऊन आलो तेव्हा पावसाळा होता, होड्या वर होत्या. मामींनी गुळाचा चहा केला. मामांची दांडीची धाव तोवर निम्म्या वाटेवर आली होती, आणि उठता-बसता त्यांच्या गुडघ्यांचा आवाज पडवीत मला ऐकू यायचा. मी कागद घेऊन पेटीजवळ बसलो. मामा नेहमीसारखे उभे राहिले. अडचण संपल्याच्या तारखेपासून मोजावे, इथपर्यंत नेहमीचा मजकूर झाला. वयाच्या आकड्यापाशी मी न विचारताच सत्तेचाळीस लिहायला घेतलं. ते सेहेचाळीसचे झाले होते.

"पस्तीस लिही," मामा म्हणाले.

मला वाटलं चुकून बोलले. मी वर बघत राहिलो.

"पस्तीसच बरोबर हाय. त्याच्या पुडच्याला घेऊन फौज काय करील, बोंबील वाळवील?" मग थांबून म्हणाले, "लिही तू. कोनाच्या तरी घरी बाप आजारी असंल, तो सुटून आला असंल. त्याला कामाला येईल."

मी लिहिलं. आकडा जरा वाकडा आला. मामांनी सही केली आणि कागद टायपिंगला न्यायला माझ्याकडे दिला. मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं होतं. उठून त्यांनी चहाचा पेला मामांच्या हातात ठेवला.

अर्ज नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी गेला. तो शेवटचा. पुढच्या रविवारी पेटीतली पलटण अंगणात उन्हाला बसली. संध्याकाळी मामांनी तिला नेहमीच्या क्रमाने आत घातलं, आधी घोंगड्या, मग जर्सी, मग मोजे. बूट बाहेरच राहिले. मग ते आत गेले आणि चुलीवरच्या दोरीवरची मामींची हिरवी साडी घेऊन आले. अंगणात बसून त्यांनी तिची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, कुठे सुरकुती राहू न देता, अगदी कवायतीतल्यासारखी. बुटांच्या जागेवर ती ठेवली आणि झाकण लावलं. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तिला मासळीचा वास येतो, जर्सीला लागंल."

"लागू दे," मामा म्हणाले.